बाबागाडीला अस्वली अस्तर

एका जंगलात, मुलांनो, थंडीला कोणी बोलावत नसे, तरी ती वेळेवर यायची. कोजागरीचा चंद्र उतरणीला लागला की डोंगरावरून खाली यायची आणि होळीपर्यंत मुक्काम ठोकायची.

त्या जंगलात झिपराबाई नावाची एक अस्वलीण राहत होती. नाव तिला शोभत होतं. तिच्या पाठीवरचे केस इतके लांब आणि दाट होते की पावसाचं पाणी वरच्या वर ओघळून जाई आणि आतली कातडी कोरडी राही. त्या केसांतून कधी काय निघेल ते सांगता येत नसे. कधी वाळकं पान निघे, कधी मागच्या वर्षीचं टेंभुर्णीचं फळ निघे, आणि कधी मुलगा निघे.

मुलाचं नाव टेंभू. टेंभुर्णीखाली जन्मला म्हणून टेंभू. अस्वलांच्यात मुलं आईच्या पाठीवरच वाढतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. नसेल तर आता झालं. आई चालते, खोदते, वारुळं फोडते, आणि पोर तिच्या केसांत मुठी अडकवून पाठीवरच खातं, झोपतं आणि बाकीचंही सगळं करतं. टेंभूचे वडील मध शोधायला गेले होते. अस्वलांचे वडील मध शोधायला जातात, आणि मध सापडला की परत जायचं होतं हे विसरतात. त्यामुळे टेंभूचं घर, गादी आणि पांघरूण म्हणजे ती एकच पाठ होती.

सगळं कसं छान चाललं होतं. पण ते तसंच चालत राहिलं असतं तर मी तुम्हांला गोष्ट कशाला सांगत बसलो असतो?

त्या वर्षी टोकेराव सुतारपक्ष्याने बाबागाडी काढली. जंगलाच्या कडेला माणसांचा एक बंगला होता. तिथल्या अंगणात टोकेरावांनी एक बाबागाडी पाहिली आणि आठ दिवस वरच्या झाडावर बसून नुसत्या डोळ्यांनी तिची मापं घेतली. मग बांबूचा सांगाडा, सागाच्या फांदीच्या चकत्यांची चाकं आणि वेताची बैठक अशी गाडी त्यांनी ठोकून काढली. ती चालायची. थोडी उजवीकडे ओढायची, पण चालायची.

पहिली गाडी लांबशेपटेवहिनींनी घेतली. या वहिनी म्हणजे वानरीण. त्यांचं बाळ आजवर पोटाशी लटकत असे आणि त्या झाडावरून झाडावर उड्या मारत असत. गाडी काही झाडावर चढेना, म्हणून वहिनी जमिनीवर राहायला आल्या. गाडीसाठी जागा बदलावी लागली, हे त्या भेटेल त्याला कौतुकाने सांगत.

एकदा पाणवठ्यावर त्यांना झिपराबाई भेटली.

"अगं बाई, झिपरावहिनी, तुमचं अजून पाठीवरच?" लांबशेपटेवहिनी म्हणाल्या.

"अजून म्हणजे?" झिपराबाईने विचारलं.

"काही नाही हो, आपलं विचारलं. पाठीची सवय लागते मुलांना. मग सुटता सुटत नाही. त्या पलीकडच्या खोऱ्यातलं अस्वल नाही का? स्वतःच्या लग्नालासुद्धा आईच्या पाठीवर बसून आलं."

झिपराबाईने असलं अस्वल कधी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. मुंडावळ्या बांधलेला टेंभू, खाली आपण, आणि समोर कपाळाला हात लावून उभे असलेले व्याही. तिसऱ्या दिवशी तिने टोकेरावांना एक आख्खं मधाचं पोळं नेऊन दिलं आणि गाडी घरी आणली.

त्या जंगलात रोज सकाळी पाणवठ्याभोवती गाड्यांची फेरी निघू लागली होती. चितळीण, कोल्हीण, रानमांजर, सगळ्या आपापली बाळं घेऊन यायच्या. झिपराबाईही गेली. टेंभूला पहिल्या दिवशी मजा वाटली. दगडावरून चाक गेलं की तो उसळायचा आणि "परत" म्हणायचा. तीन वेळा "परत" म्हणून झाल्यावर तो गप्प झाला.

चढ होता. झिपराबाई गाडी ढकलून घामाघूम झाली होती. "आज थंडी कमीच आहे," ती म्हणाली.

टेंभूचं नाक गार पडलं होतं. ढकलणारी तापते आणि बसणारा गारठतो, ही गोष्ट टोकेरावांनी गाडी देताना सांगितली नव्हती. त्यांनाही माहीत नसावी, कारण ते कधी गाडीत बसले नव्हते.

"गार वाजतंय का रे?" झिपराबाईने विचारलं.

"वाजतंय."

"मग ये..." ती म्हणाली आणि तिने पाठही वाकवली. पण मागून लांबशेपटेवहिनींच्या गाडीचा खडखडाट ऐकू आला. "मग हात पोटाशी धरून बस," असं तिने वाक्य पुरं केलं.

ती तशीच टोकेरावांकडे गेली. त्यांनी गाडी उलटसुलट करून पाहिली, चारही चाकं ठोकून पाहिली आणि मान हलवली.

"गाडी उत्तम आहे, ताई," ते म्हणाले. "बाळ थोडं नाजूक आहे."

मग त्यांनी गाडीला केळीच्या पानाचा टप बसवून दिला. वारा थांबला खरा. पण टेंभूचा श्वास आतच कोंडून पानाला घाम फुटला, आणि थेंब थेंब पाणी नेमकं त्याच्या नाकावर पडू लागलं. शिवाय बाहेरचं काही दिसेना. त्याने जे भोकाड पसरलं ते पाणवठ्याच्या पलीकडच्या बाजूला ऐकू गेला.

मग पळसाच्या पानांची पायपिशवी आली. टेंभूने पाय हलवला की ती करकर वाजायची आणि तो दचकून जागा व्हायचा. दोन दिवसांत तिच्यात मुंग्यांनी घर केलं. मुंग्या त्याने खाल्ल्या. एवढी एकच सोय त्याला मनापासून आवडली.

मग उन्हात तापवलेला दगड आला. तो पायाशी ठेवायचा. अर्ध्या फेरीपर्यंत दगड टेंभूला ऊब द्यायचा आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत टेंभू दगडाला.

"हातपाय गार असले तरी घाबरायचं नसतं," लांबशेपटेवहिनी येता-जाता शिकवत. "मानेमागे बोटं घालून बघायचं. मान गरम तर बाळ गरम."

झिपराबाईने टेंभूच्या मानेमागे पंजा घालून पाहिलं. मानही गारच होती. टेंभू आता "परत" म्हणत नव्हता. मुंग्यांकडेही बघत नव्हता. नुसता शिंकत होता. झिपराबाईला घास गोड लागेना. एवढं सगळं केलं, गाडी आणली, टप आणला, पिशवी आणली, दगड आणला, आणि पोर काही तापत नाही. आपण आई म्हणून कुठेतरी कमी पडतोय, असं तिला वाटू लागलं आणि तिचे डोळे भरून आले.

कोणीतरी म्हणालं, सुगरणबाईंना विचार. सुगरणबाई म्हणजे विणकामातला शेवटचा शब्द. तसा त्यांच्या घरी विणायचा नवरा, पण बोलायच्या बाई, त्यामुळे नाव बाईंचं झालं होतं. त्यांनी गाडीत डोकं घालून सगळं नीट पाहिलं.

"वरून कितीही झाका, उपयोग नाही," सुगरणबाई म्हणाल्या. "गारवा खालून येतोय. याला आतून अस्तर पाहिजे."

"कशाचं?"

"अस्वलाच्या केसांचं. त्याच्यासारखी ऊब नाही बघा कशाला. वारा शिरत नाही, पाणी मुरत नाही, पोर घटकेत झोपतं. पण मिळतंय कुठे हल्ली?" सुगरणबाईंनी सुस्कारा सोडला. "तुमच्या ओळखीत आहे का कोणी अस्वल?"

झिपराबाई विचारात पडली. "डोंगरापलीकडे माझी एक मावशी आहे," ती म्हणाली. "पण तिचे केस फार विरळ झालेत."

नवरा विणत होता, त्याने मान वर करून झिपराबाईकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याला बोलायची सवय नव्हती.

"माझे चालतील का हो?" झिपराबाईने भीतभीत विचारलं.

"चालतील की," सुगरणबाई म्हणाल्या. "घरचा माल असला तर उत्तमच."

पाणवठ्याशी एक खेकडा केस कापायचा. कात्री त्याच्या अंगचीच होती. त्याने झिपराबाईच्या पाठीवर डौलाने फेरी मारली आणि विचारलं, "नुसती टोकं घेऊ की सगळेच काढू?"

"बाळासाठी आहेत," झिपराबाई म्हणाली. "सगळे काढा."

दोन दिवसांत अस्तर तयार झालं. जाड, काळंभोर, मऊ. ते गाडीत घातलं, त्यावर टेंभूला ठेवलं, आणि मुलांनो, टेंभूने एक मोठी जांभई दिली, दोन्ही मुठी त्या केसांत अडकवल्या आणि तो गाढ झोपला. शिंका थांबल्या. फेरीतल्या सगळ्या आया गाडीभोवती जमल्या. चितळिणीने अस्तराला गाल लावून पाहिला. लांबशेपटेवहिनींनी टेंभूच्या मानेमागे बोटं घातली आणि "गरम आहे" असं जाहीर केलं. झिपराबाईला धन्य धन्य वाटलं.

तिची पाठ मात्र उघडी पडली. मागून बघणाऱ्याला हे कोण चाललंय ते कळेना. एका रानडुकराने तिला आत्या समजून हाक मारली आणि घरच्या सगळ्यांची खुशाली सांगितली. झिपराबाईने ती ऐकून घेतली. बाळ झोपलंय ना, मग बाकीचं चालतंय, असं ती स्वतःला सांगत होती.

असे पंधरा दिवस गेले. एक दिवस चढावर टेंभू जागा झाला आणि म्हणाला, "आई, खाज येतेय."

झिपराबाई वाकली. "कुठे रे राजा?"

टेंभूने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने अस्तरावर नाक घासलं, खाज भागवली आणि म्हणाला, "आई, गोष्ट सांग."

"कोणती सांगू?"

"तू नाही," टेंभू म्हणाला. "आई सांगेल." आणि त्याने अस्तराला कान लावला.

झिपराबाईचे पाय थांबले. "मग मी कोण?" तिने विचारलं.

"तू ढकलतेस," टेंभू म्हणाला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. जो वास जन्मापासून नाकात होता तो त्या अस्तराला येत होता. जे केस मुठीत होते ते तिथे होते. ऊबही तिथेच होती. मग आई तिथे नाही तर कुठे असणार? झिपराबाईला हे सगळं समजलं आणि तरीही तिला फार वाईट वाटलं. तिने गाडी पुढे ढकलली.

"बघा, सुटली की नाही पाठीची सवय?" लांबशेपटेवहिनी मागून म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं."

मग पौष आला. एका सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं झालं. शहाणी जनावरं बिळातून बाहेर पडली नाहीत. पण फेरी चुकली की फेरीतल्या बाकीच्या आया कारण विचारायच्या, आणि झिपराबाईकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. ती निघाली.

जांभळाच्या झाडापर्यंत ती कशीबशी पोचली. बोडक्या पाठीवर वारा सुऱ्या फिरवत होता. तिला हुडहुडी भरली. तिचे पंजे गाडीच्या दांडीवर होते, त्यामुळे गाडीलाही हुडहुडी भरली आणि चारही चाकं खडखड वाजू लागली.

टेंभूची झोप मोडली. "ढकलणारे," तो म्हणाला, "गाडी हलतेय."

झिपराबाई दांडी सोडून झाडाच्या बुंध्याशी बसली होती. तिचे दात वाजत होते आणि डोळे मिटले होते. टेंभूने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो आयुष्यात पहिल्यांदा आपला आपण गाडीतून खाली उतरला. उतरला म्हणजे पडला, पण उठून तिच्यापाशी गेला.

मानेमागे बोटं घालून बघायचं असतं, हे त्याने रोज ऐकलं होतं. त्याने आपला इवलासा पंजा झिपराबाईच्या मानेमागे घातला.

"गार आहे," तो म्हणाला.

मग त्याने तिची पाठ हुंगली. तिथे केस नव्हते, नुसती खरखरीत कातडी होती. पण वास होता. टेंभू गोंधळला. तो गाडीपाशी गेला, अस्तर हुंगलं, परत आला, परत पाठ हुंगली.

"आई इथे पण आहे," तो म्हणाला. "आई, तू तिकडे आहेस का इकडे?"

"इकडे," झिपराबाई डोळे न उघडता म्हणाली.

"मग तुझे केस तिकडे कसे?"

"तुला थंडी वाजू नये म्हणून."

टेंभूने यावर बराच विचार केला. त्याच्या वयाच्या मानाने फारच केला. मग त्याने दातांनी अस्तर गाडीतून ओढून काढलं, फरफटत आणलं आणि तिच्या पाठीवर टाकलं. ते घसरलं. त्याने परत टाकलं. ते परत घसरलं. कोणीतरी वर बसल्याशिवाय ते राहणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा तो चढला, पोटावर पालथा पडला आणि दोन्ही बाजूंनी मुठी आवळून त्याने ते गच्च धरलं.

हळूहळू झिपराबाईचे दात वाजायचे थांबले. खालून तिची ऊब वर जात होती, वरून त्याची ऊब खाली येत होती, आणि मधल्या केसांतून काहीच बाहेर जात नव्हतं. "आई," टेंभू तिच्या कानात म्हणाला, "गोष्ट सांग." झिपराबाईला रडू आलं, पण ते गरम होतं.

इतक्यात खडखडाट झाला आणि फेरीतल्या सगळ्या गाड्या जांभळाखाली येऊन थांबल्या. सगळ्यांत पुढे लांबशेपटेवहिनी होत्या. त्यांनी झिपराबाईकडे पाहिलं, पाठीवरच्या टेंभूकडे पाहिलं आणि रिकाम्या गाडीकडे पाहिलं.

"हे काय हो, झिपरावहिनी?"

आता मुलांनो, झिपराबाई खरं सांगणार होती. बाळाला पाठीवरच बरं वाटतं, एवढं साधं तिला सांगायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण समोर सात आया उभ्या होत्या, आणि सातही जणींच्या भुवया वर गेल्या होत्या. तिला पुन्हा ते मुंडावळ्या बांधलेलं अस्वल दिसलं.

"हे होय?" झिपराबाई म्हणाली. "हे नवीन आहे. पाठगादी."

भुवया जरा खाली आल्या.

"कुठली पद्धत म्हणायची ही?" चितळिणीने विचारलं.

"बंगल्यावरची."

"आणि मग गाडी कशाला?" लांबशेपटेवहिनींनी विचारलं.

"गाडी तर लागतेच," झिपराबाई म्हणाली. "गाडीशिवाय पाठगादी म्हणजे आपली ती जुनीच तऱ्हा झाली."

हे सगळ्यांना पटलं. लांबशेपटेवहिनींनी तिथल्या तिथे आपल्या बाळाला गाडीतून उचललं आणि पोटाशी लावलं. बाळाने इतका मोठा सुस्कारा सोडला की त्या स्वतःच दचकल्या.

आठ दिवसांत जंगलभर पाठगाद्या झाल्या. वानरांसाठी पोटगादी निघाली. खेकड्याला दुसरी कात्री वापरावी लागली. सुगरणबाईंच्या नवऱ्याला मान वर करायला फुरसत उरली नाही. टोकेरावांनी तर कमालच केली. त्यांनी बाळ बसूच शकणार नाही इतकी लहान बाबागाडी काढली. ती ढकलायला हलकी होती आणि उजवीकडे ओढत नव्हती. सगळ्या आयांनी जुन्या गाड्या देऊन ती घेतली. लांबशेपटेवहिनी पुन्हा झाडावर राहायला गेल्या. त्यांची नवी गाडी शेपटीला बांधून वर जायची.

पुढची थंडी आली तोवर झिपराबाईचे केस पुन्हा लोंबू लागले होते. आता तिला पाठगादीची काही गरज नव्हती. तरी केसांवरून ती पाठगादी बांधायची, आणि तिच्यावर टेंभू बसायचा. तो आता चांगलाच जड झाला होता. फेरीच्या वाटेला कोणी नसलं की तो पाठगादीखाली सुळकन शिरायचा आणि खऱ्या केसांत मुठी अडकवायचा. पुढे रिकामी गाडी असायची. गाडीवर टप असायचा, आत पायपिशवी असायची, आणि पिशवीत उन्हात तापवलेला दगड असायचा.

एकदा चढावर टेंभूने पाठीवरून विचारलं, "आई, गाडीला थंडी वाजते का?"

"नाही रे बाळा."

"मग एवढं झाकलंय कशाला?"

मागून खडखडाट आला. झिपराबाईने टप नीट केला आणि त्याच्या कडा खोचल्या. "लोकांना वाजते," ती म्हणाली, आणि तिने गाडी पुढे ढकलली.

तात्पर्य: आईच्या पाठीसारखी ऊब कशालाच नाही, हे जंगलात सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून मुलांनो, बाबागाडी निवडताना ती रिकामी कशी दिसते, एवढंच पाहून घ्यावं.